पॅसेजमधला कॅमेरा

ती वेळ दोन सदतीसची होती की दोन सत्तावीसची, हे आता मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पूर्वी पक्कं आठवायचं. हल्ली रात्री जाग आली की मी सगळं पहिल्यापासून मनात लावून बघतो, आणि दर वेळी एखादी गोष्ट जागेवरून जरा सरकलेली असते. म्हणून आधीच सांगून ठेवतो. जिथं शंका आहे तिथं मी शंका आहे म्हणेन. बाकीचं त्यानं मला सांगितलं तसं. तो खोटं बोलणाऱ्यांतला नव्हता. वर्गात गणित बरोबर आलं तरी 'सर, चुकून आलं' म्हणायचा.

दिवा राहू दे चालू. अंधारात सांगायची मला हौस नाही. आणि तू हसू नकोस, कॅमेऱ्यात भूत दिसलं असं काही मी सांगणार नाही. काहीच दिसलं नाही. तिथूनच तर सगळं सुरू होतं.

त्याला कॉलेजात सगळे पक्कड म्हणत. पॅन्टच्या मागच्या खिशात कायम पक्कड असायची, आणि तो बसला की ती बाकावर आपटायची. पुढं त्यानं घराघरांत कॅमेरे बसवायचा धंदा काढला, तरी नाव तेच राहिलं. दुकानाच्या पाटीवर काही वेगळं लिहिलं होतं, पण ते कोण वाचतो.

नवे कॅमेरे बसवण्यापेक्षा जुनं रेकॉर्डिंग काढून द्यायचीच बोलावणी जास्त. कुणाच्या गाडीवर ओरखडा, कुणाचा पेपर रोज गायब, कुणाच्या कुंडीत कुणाचं मांजर. एका आजोबांनी त्याला तीन तास बसवून घेतलं होतं, चष्मा चोरीला गेला म्हणून. शेवटी सापडलं की चष्मा त्यांनी स्वतःच फ्रिजवर ठेवला होता. पक्कड म्हणायचा, सर, लोक चोर शोधायला बसतात आणि स्वतःच सापडतात.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनचं काम कसं असतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मशीनच्या पोटात डिस्क असते, तिच्यावरची जागा ठरलेली असते. सगळा वेळ ते लिहीत बसत नाही. कॅमेऱ्यासमोर काही हललं तरच तेवढं लिहितं. जागा भरली की सगळ्यात जुनं पुसतं आणि तिथं नवं लिहितं. शाळेतली पाटी असते ना, तसं. म्हणून जुनं काही काढायचं असेल तर पहिलं काम एकच, मशीनचं लिहिणं बंद करायचं. बघणं, शोधणं, पेन ड्राइव्हवर घेणं, सगळं नंतर. हे पक्कड दुसऱ्यांना शिकवायचा. आणि त्या संध्याकाळी नेमका हेच चुकला. गिऱ्हाईक पाठीशी उभं असलं की हात आधी दाखवायला धावतो.

गुरुवार होता. फेब्रुवारीची वीस तारीख. साडेसात वाजले असतील, तो दुकान आवरत होता, तेव्हा फोन आला. माणूस नीट, हळू बोलत होता. मशीनवर तुमचा नंबर चिकटवलेला आहे, म्हणाला. एक जुनं रेकॉर्डिंग बघायचंय. आजच, कारण पहाटे मी निघतोय.

पत्ता ऐकल्यावर पक्कडला घर आठवलं. दीड वर्षापूर्वी त्यानंच तिथं चार कॅमेरे लावले होते. फाटकावर एक, हॉलमध्ये एक, मागच्या अंगणात एक आणि आतल्या पॅसेजमध्ये एक. लावून घेतले होते त्या घरातल्या ताईंनी. ताई म्हणजे पंचेचाळिशीच्या बाई, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला, लग्न केलेलं नाही. घरात त्या आणि त्यांची आई. आई दिवसा बरी असायची, पण रात्री तिचं डोकं ठिकाणावर राहत नसे. गॅस बंद केलास का, फाटक कोण वाजवतंय, तुझे वडील अजून कसे आले नाहीत. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. रात्रीतून तीन-तीन, चार-चार वेळा लेकीच्या दारावर थापा. आणि लेकीला सकाळी साडेसहाला लॅब उघडायची.

पॅसेज तसा कुठंच जात नव्हता. त्याच्या टोकाला पूर्वी मागचं दार होतं. आई एकदा रात्री त्यातून बाहेर पडली आणि पहाटे दोन गल्ल्या पलीकडे सापडली. ताईंनी ते दार विटांनी बुजवून घेतलं आणि पुढं कपाट लावलं. तरी आई सवयीनं तिकडे जायचीच, म्हणून तिथंही कॅमेरा. पक्कडनं तेव्हा विचारलं होतं, आवाज घेणारे कॅमेरे बसवू का, थोडेच महाग पडतात. ताई म्हणाल्या होत्या, "नको. रात्री ऐकते तेवढं पुरे आहे." दोघंही हसले होते.

आता आई गेली होती. अकरा तारखेच्या, मंगळवारच्या रात्री. म्हणजे बुधवार उजाडायच्या आत. सकाळी सहाला ताई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा आई हॉलमधल्या खुर्चीत बसल्या जागी गार पडलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. तीन ते चारच्या दरम्यान केव्हातरी. आणि डॉक्टरांनी आणखी एक वाक्य म्हटलं, जे त्यांनी म्हणायला नको होतं. तासभर आधी हलवलं असतं तर कदाचित.

पक्कड गेला तेव्हा दार ताईंनीच उघडलं. म्हणाल्या, मी तुम्हाला फोन करणारच होते. मागून धाकटा भाऊ आला. दूर नोकरीला असलेला, उंच, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. तो म्हणाला, ताई सहा दिवस सांगतेय की तुम्ही गावाला गेलाय. पक्कड गावाला गेला नव्हता. त्यानं ताईंकडे पाहिलं. ताई चहा टाकते म्हणून आत निघून गेल्या.

भावानं काही लपवलं नाही. पक्कडला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला आणि मला हवंय ते एवढंच आहे, म्हणाला. आईनं त्या रात्री हिला हाक मारली होती का. ही म्हणते, मला काही ऐकू आलं नाही. विचारलं की भिंतीकडे बघते. मग तो आतल्या दाराकडे तोंड करून, आवाज न चढवता म्हणाला,

"ऐकून झोपून राहिली असेल, तर मी पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. तिला ठाऊक आहे."

आतून कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

पक्कडला वाटलं, आपण उठावं. मशीन जळलंय म्हणून सांगावं आणि घरी जावं. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. पण माणसं पाठीशी होती, माउस हातात होता. त्यानं टीव्ही मशीनला जोडला आणि तारीख काढली.

पडद्यावर त्या रात्रीची रेघ आली. ज्या वेळेला काही हललं असेल, तिथं त्या रेघेवर निळी पट्टी असते. हॉलच्या कॅमेऱ्यात अशा चारच पट्ट्या होत्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी एक बारीक. बारा पन्नासला एक. दोन एकतीसपासून दोन चव्वेचाळीसपर्यंत एक, जरा रुंद. मग एकदम सहा वाजून चार मिनिटांनी, सकाळची. ती बहुधा ताई उठल्या तेव्हाची.

अकरा तारखेच्या आधीचं काहीच नव्हतं. पक्कडला नवल वाटलं. मशीनमध्ये महिनाभराचं सहज मावायचं. मग त्यानं मनाशी हिशेब घातला, आठ दिवस घरात माणसांची ये-जा चालू असणार, भेटायला येणारे, बसणारे, उठणारे. सगळ्यांचं लिहिता लिहिता जागा भरली. म्हणजे आता सगळ्यात जुनी ती रात्रच उरली.

हे त्याच्या डोक्यात आलं, आणि लगेच पुढचं आलं. त्यानं रेघेकडे पाहिलं.

अकरा दहाची पट्टी गेली होती.

मशीन अजून लिहीत होतं. ते तिघं हॉलमध्ये बसत होते, उठत होते, भाऊ येरझारा घालत होता, आणि वरचा कॅमेरा हे सगळं इमानानं लिहीत होता. आणि लिहायला जागा हवी म्हणून ती रात्र पुसत होता.  पक्कडनं घाईनं चारही कॅमेऱ्यांचं लिहिणं बंद केलं.

तीन बंद झाले. चौथा झाला नाही.

पॅसेजचा.

त्यानं पुन्हा बंद केला. पुन्हा चालू. त्यानं पॅसेजचं आत्ताचं चित्र टीव्हीच्या कोपऱ्यात लहान करून लावलं. दिवा जळतोय, भिंती, टोकाला कपाट. कुणी नाही. काय हलतंय ते कळावं म्हणून त्यानं चौकोन लावले. म्हणजे चित्रात जिथं हालचाल असेल तिथं हिरवे चौकोन पेटतात. बऱ्याचदा काचेवर कोळी असतो, नाहीतर पाल. कोळ्यापायी लोक पोलीस बोलावतात.

चौकोन पेटलेले होते. पण काचेपाशी नव्हते. जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत एक उभा पुंजका होता. तो कपाटाकडे चालला होता. सावकाश. कपाटापाशी थांबला. वळला. परत यायला लागला.

पक्कड मला म्हणाला, सर, मी घाबरलो नाही. मला वाटलं वायरमध्ये काहीतरी गडबड आहे. तेवढ्यात बारा पन्नासची पट्टी गेली, आणि मग मी घाबरलो, पण पट्टीला.

त्यानं भावाला सांगितलं, साहेब, तुम्ही उंच आहात, जरा पॅसेजमधल्या कॅमेऱ्याची काच पुसता का, मी इथं हे थांबवतो. भाऊ फडकं घेऊन आत गेला. पक्कडनं मशीनच्या मागं हात घालून पॅसेजच्या कॅमेऱ्याची वायर चाचपली. चौथ्या नंबरची. ओढली. निघाली. वायरचं टोक त्याच्या हातात होतं.

कोपऱ्यात पॅसेज तसाच दिसत होता.

घड्याळात आठ शेहेचाळीस झाले होते. हे त्याला लक्षात राहिलं, कारण नंतर त्यानं ते ताडून पाहिलं.

आता एकच उरलं होतं. भिंतीवरचं मुख्य बटण. ते दाबलं की मशीन मरणार, आणि उरलं असेल ते वाचणार. त्यानं एक हात बटणावर नेला. आणि दुसऱ्या हातानं... का केलं ते त्याला कधीच सांगता आलं नाही. ती पट्टी अजून आहे का, एवढंच बघायला म्हणून त्यानं दोन एकतीसवर माउस दाबला.

ती होती.

रात्रीचं चित्र, काळं-पांढरं. हॉल रिकामा. डावीकडचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. एक हात भिंतीला, एक छातीवर. डिस्क जास्त दिवस पुरावी म्हणून पक्कड सगळ्यांचे कॅमेरे सेकंदाला चार चित्रांवर ठेवायचा. त्यामुळे आई चालत नव्हती. इथं होती, मग तिथं होती, मग आणखी पुढं होती. ती ताईंच्या दारापाशी आली. छातीवरचा हात काढला. तळवा दारावर. दारावरून दूर. दारावर. दूर. दारावर...

आवाज नाही.

पक्कडला पाठीमागं कुणीतरी उभं राहिल्याचं जाणवलं. ताई आल्या होत्या. हातात रिकामा ट्रे. त्या पडद्याकडे बघत होत्या.

आणि कोपऱ्यातल्या लहान चित्रात भाऊ पॅसेजमध्ये पोचला होता. चौकोन कपाटाकडून परत येत होते. भाऊ मधोमध उभा राहून वर काचेकडे बघत होता. चौकोन त्याच्यापर्यंत आले. थांबले. मग बाजूला झाले, त्याला वळसा घातला, आणि पुढं गेले. अंगावरून नाही. वळसा घालून.

पट्टी डावीकडून झिजत होती. दोन तेहेतीस. दोन चौतीस. आता जिथं आई दार वाजवत होती, तिथपर्यंत पुसणं येऊन पोचलं. चित्र थडकलं, काळं झालं, आणि पुढच्या उरलेल्या जागेवर उडी मारून पुन्हा लागलं.

दोन सदतीस.

ताईंचं दार उघडं होतं. दारात ताई उभ्या होत्या. केस सुटलेले, एक हात चौकटीला. समोर आई. दोघींच्या मध्ये हातभर अंतर.

पक्कडचं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर ती पट्टी वाचली असती. त्यानं दाबलं नाही. दाबवलंच नाही. तो बघत राहिला.

आईनं हात वर केला. तळवा खाली. बोटं हलली.

एक चित्र. दोन. तीन.

ताई मागं झाल्या. दार लागलं.

काळं.

ताईंनी ट्रे टीपॉयवर ठेवला. अगदी हळू, आवाज होऊ नये असा. मग त्या पक्कडच्या कानाशी बोलल्या. आवाज असा होता की त्याला आधी वाटलं, त्या स्वतःशीच बोलतायत.

"ती जा म्हणाली ना मला? झोप, जा... असंच केलं ना तिनं हातानं?"

तो काळ्या पडद्याकडेच बघत होता.

"तुम्ही पाहिलंत. तुम्ही जागे होतात. मी झोपेत होते."

तीन चित्रं, पोरांनो. पाऊण सेकंद. तळवा खाली धरून बोटं आपल्याकडे ओढली तर ये. तशीच बाहेर झटकली तर जा. सुरुवात कुठून झाली ते कळल्याशिवाय सांगता येत नाही. सेकंदाला पंचवीस चित्रं असती तर आंधळ्यालाही कळलं असतं. पण डिस्क जास्त दिवस पुरावी म्हणून त्यानंच, स्वतःच्या हातानं, चारवर ठेवलं होतं.

त्यानं पुन्हा लावायला माउस दाबला. दोन सदतीस नव्हतं. दोन चाळीस नव्हतं. रुंद पट्टी संपली होती. रेघेवर आता एकच निळा ठिपका होता, सकाळी सहा वाजून चार मिनिटांचा.

कोपऱ्यातले चौकोन विझले. सगळे, एकदम. पॅसेज स्थिर झाला. आणि मग, वायर तर केव्हाचीच त्याच्या मांडीवर पडलेली होती, ते चित्रही गेलं.

भाऊ फडकं झटकत बाहेर आला. काही नाही तिथं, म्हणाला. कोळीसुद्धा नाही. मग कपाळाला आठी घालून, स्वतःलाच न पटल्यासारखं म्हणाला,

"पण मी उगाच भिंतीला चिकटून उभा राहिलो. कुणाला तरी वाट द्यावी तसा."

 भावानं विचारलं, काय दिसलं? पक्कड म्हणाला, पुसलं गेलं, साहेब. जुनं होतं, पुसलं गेलं. यात खोटं काहीच नव्हतं. सकाळचं तेवढं उरलंय.

ते लावलं. सहा वाजून चार मिनिटं. ताई दार उघडून बाहेर येतात. हातात पाण्याची बाटली. खुर्चीकडे बघून काहीतरी बोलतात. पुन्हा बोलतात. जवळ जातात. बाटली खाली पडते. मग त्या खाली बसतात आणि आईचे पाय धरतात. पाय चोळायला लागतात. चोळतच राहतात. एक मिनिट. दोन मिनिटं. चार. थंडीनं काकडलेल्या माणसाला ऊब द्यावी तसे. सेकंदाला चार चित्रं, त्यामुळे हात थरथरल्यासारखे दिसतात.

भाऊ सगळं बघत होता. मग त्यानं खिशातून रुमाल काढला. ताईंच्या शेजारी जाऊन बसला. तो रुमाल त्यांच्या हातात देत म्हणाला, "ताई, तू माझ्याकडे चल. एकटी नको राहूस इथं."

ताई रडल्या नाहीत. त्या पक्कडकडे बघत होत्या. उत्तर मागत होत्या. भावाच्या देखत त्याला हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. खरं सांगायचं तर भाऊ नसता तरी काय सांगणार होता तो? त्यानं सामान भरलं. डिस्क खराब आहे, बदलायला नेतो, असं काहीतरी पुटपुटला आणि मशीनमधून ती काढून घेतली. फाटकापर्यंत कुणी सोडायला आलं नाही.

दुकानात बसून त्यानं रात्रभर ती डिस्क तपासली. पुसलेलं परत काढायच्या ज्या युक्त्या असतात त्या सगळ्या केल्या. काही आलं नाही. त्या जागी काय लिहिलं गेलंय ते मात्र दिसलं. भेटायला आलेली माणसं फारशी नव्हतीच. सगळी डिस्क पॅसेजनं भरलेली होती. रिकामा पॅसेज. दिवसरात्र, एक मिनिटाचा खंड नाही. सुरुवात शुक्रवारी, चौदा तारखेला रात्री आठ वाजून चौदा मिनिटांनी. शेवट गुरुवारी आठ बावन्नला. वायर निघाली होती आठ शेहेचाळीसला. मधली सहा मिनिटं कुठल्या कॅमेऱ्यानं लिहिली?

आठवडाभरानं त्यानं धीर करून ताईंना फोन केला आणि विचारलं, त्या शुक्रवारी आठच्या सुमाराला घरात काय चाललं होतं. ताईंना आठवावं लागलं नाही. आम्ही जेवायला बसलो होतो, म्हणाल्या. तेव्हाच भाऊ पहिल्यांदा म्हणाला, कॅमेऱ्यात असेल की सगळं, बघू या.  ताई पुन्हा त्या हाताच्या खुणेचं विचारतील म्हणून पक्कड फोन कानाला धरून थांबला. त्यांनी विचारलं नाही. फोन ठेवला, तोही असा की तो ठेवला हे त्याला कळायला वेळ लागला.

मग एका रात्री तो माझ्याकडे आला. मी त्याचा जुना मास्तर, मला भौतिकशास्त्र येतं असा त्याचा समज. मी त्याला चार कारणं दिली. मशीनच्या आत चित्र अडकून राहू शकतं. वायरच्या टोकाला विजेची गडबड होऊ शकते. घड्याळ पुढंमागं असू शकतं. आणि थकलेल्या माणसाला दिसू नये ते दिसू शकतं. चारही कारणं बरोबर आहेत, आजही परीक्षेत मी त्यांना पूर्ण गुण देईन. त्यानं ऐकून घेतलं. त्याला त्यातलं काहीच नको होतं. त्यानं हात पुढं केला, तळवा खाली, आणि म्हणाला, सर, हे बघा, असं होतं. ये. की जा? मी म्हटलं, पुन्हा कर. त्यानं केलं. मग मी केलं. दिव्याखाली आम्ही दोन शहाणी माणसं एकमेकांना हात हलवत बसलो, आणि थोड्या वेळानं आपण बोलावतोय की घालवतोय, ते हलवणाऱ्यालाही कळेना.

जुनं रेकॉर्डिंग काढून द्यायचं काम त्यानं त्या दिवसापासून सोडलं. पुढं कॅमेरेच सोडले, पंखे दुरुस्त करू लागला. आता तोही नाही. डिस्क कुठं गेली, मला माहीत नाही.

ताई तीन महिन्यांनी भावाकडे राहायला गेल्या. त्या तिथं बऱ्या आहेत असं ऐकलं. बऱ्या म्हणजे किती बऱ्या, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. घर बंद झालं.

आणि मी? मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, कारण पटवून सांगण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. एका माणसानं सांगितलेलं, तेही मी थोडं विसरलेलं. मग सहा वर्षांनी ते घर विकायला निघाल्याचं कळलं. माझ्या घरी तेव्हा न्हाणीघराची फरशी बदलायचं काम चालू होतं. मी फरशीवाल्याला म्हटलं, चल, एक घर बघून येऊ. दलालानं किल्ली दिली, स्वतः फोनवर बोलत फाटकापाशी थांबला. भर दुपार होती.

हॉल रिकामा. दोन दारं, समोरासमोर नाहीत, एकाच भिंतीला. ती दारं मी नीट पाहिली नाहीत. पॅसेजमध्ये गेलो. कॅमेरा काढलेला, भिंतीला फक्त दोन भोकं. टोकाला कपाट. बंद खिडकीच्या फटीतून ऊन येत होतं आणि फरशी चकाकत होती. कडेनं चकाकत होती. मधून नाही. मधोमध एक पट्टा, वीतभर रुंद, मंद, खरबरीत. कपाटापासून निघून कॅमेऱ्याच्या खाली येऊन थांबलेला. मी पावलं मोजली. सात.

मला आधी वाटलं सावली आहे. फरशीवाला माझ्या आधी खाली वाकला. त्यानं हात फिरवला, म्हणाला, सर, ही फरशी जुनी नाही, सात-आठ वर्षांची असेल. असली झिलई जायला दवाखान्याच्या जिन्यावर लागतात वीस वर्षं. एवढं कोण चाललंय इथं?

मी म्हटलं, घर सहा वर्षं बंद आहे.

त्यानं पट्ट्यावरून बोट ओढलं आणि ते माझ्यापुढं धरलं. बोटाला पांढरी भुकटी लागली होती, दगड घासल्यावर निघते तसली. मग तो म्हणाला, झीज जुनी असली की भुकटी राहत नाही. मीही वाकलो आणि बोट ओढलं, खात्री करायला. माझ्याही बोटाला लागली.